चार हजार ते पाच हजार

आमचं घर घाटकोपरच्या डोंगरउतारावर होतं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे हातभर रुंद ओटा. ओट्यावर बसलं की पार विक्रोळीपर्यंतचे कारखाने दिसायचे आणि पाळी सुटताना त्यांचे भोंगे एकामागोमाग ऐकू यायचे. बाबांच्या कंपनीचा भोंगा सगळ्यांत जाड आवाजाचा. आई त्याला रेडा म्हणायची. रेडा ओरडला की ती स्टोव्हला पंप मारायची, पीठ मळायला घ्यायची, आणि बाबा चढण चढून हाशहुश करत दारात येईपर्यंत पहिली भाकरी तव्यावर पडलेली असायची. आम्ही जालन्याकडचे, त्यामुळे आमटी येसराची. येसराचं मसालेदार पीठ गावाहून वर्षातून एकदा डबा भरून यायचं आणि तो डबा आई फळीच्या सगळ्यांत वरच्या खणात ठेवायची, जिथे फक्त तिचा हात पोचायचा. शेजारच्या मालवणी काकू वाटीभर सुक्या जवळ्याची चटणी द्यायच्या आणि वाटी परत जाताना तिच्यात ठेचा असायचा. काकू ठेचा खाऊन नाक पुसत पुसत ओट्यावर यायच्या आणि आईला म्हणायच्या, "मेले, मारतलंस आमका!" दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा हजर.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव शालन, माझं कुंदा. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला तंबाखूचा, तसा तिला आकड्यांचा होता. रेशनच्या रांगेत उभी असली तरी समोरच्या भिंतीवर रंगवलेला आकडा ती मनातल्या मनात भागत असायची. दोनने जातो का, तीनने, सातने, तेराने. ज्याला कशानेच भाग जात नाही त्याच्यावर तिचा जीव. शाळेत त्याला मूळ संख्या म्हणतात. आमच्या घरात 'न मोडणारा' म्हणायचे. आई शेंगदाणे निवडत होती तेव्हा ताईने ते मला समजावलं होतं: बारा दाणे घेतले तर तीन-तीनचे, चार-चारचे सारखे ढीग पडतात, आता तेरा घे आणि पाडून दाखव. मी बराच वेळ खटपट केली. आई म्हणाली, "एक खाऊन टाक, मंग पडत्याल." ताई इतकी हसली की सुपातले दाणे सांडले.

तिचा एक खेळ होता. सातपासून सुरुवात करायची, कारण सात मोडत नाही. त्याच्या उजवीकडे तीन लावला की त्र्याहत्तर, तोही मोडत नाही. मग नऊ लावला, सातशे एकोणचाळीस. असा एकेक अंक उजवीकडे लावत जायचा, आणि दरवेळी तयार होणारा आकडा न मोडणारा निघाला पाहिजे. एकदा मोडला की तो रस्ता बंद. मागे फिरायचं, दुसरा अंक लावून पाहायचा. बहुतेक रस्ते चार-पाच अंकांतच संपायचे. हा मात्र संपेना. ७३९३, ७३९३९, ७३९३९१. सात अंकांचा झाला तेव्हा ताई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. मग तिने शेवटी आणखी एक तीन लावला आणि आमच्या घरात तो आला: ७३९३९१३३. डावीकडून वाचला तर सात कोटी एकोणचाळीस लाख आणि वर काही. उजवीकडून एकेक अंक पुसत गेलं तर अगदी एकटा सात उरेपर्यंत तो कुठेच मोडायचा नाही. म्हणजे, स्वतः तो मोडत नसला तर. तेच तपासायचं होतं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. असल्या आकड्यांचा जगात कुणी विचार केला असेल, त्यांच्या याद्या असतील, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? आम्हाला एवढंच ठाऊक होतं की खात्री करायची तर त्याला आठ हजार सहाशेच्या आसपासपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. त्यापुढे जायची गरज नाही, कारण मोठ्या आकड्याने भाग जात असला तर त्याच्या जोडीला एक लहान असतोच आणि तो आधीच सापडला असता. हजाराहून जास्त भागाकार. हाताने. बाबा टूलरूममधून रद्द झालेली ड्रॉइंगं आणायचे. एका बाजूला कुठल्याशा यंत्राचे दात आखलेले, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ताईने चार रकाने पाडले: भाजक, भागाकार, बाकी, ताळा. एकही बाकी शून्य आली की आकडा मोडला. हजारच्या हजार ठिकाणी काही ना काही उरलं, तरच तो न मोडणारा.

ताळा म्हणजे नवाचा ताळा. हल्लीच्या मुलांना तो माहीत नसतो म्हणून सांगते. आकड्यातले अंक मिळवत मिळवत एका अंकावर यायचं आणि नऊ आले तर शून्य धरायचं. भाजकाचा ताळा आणि भागाकाराचा ताळा यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकीचा ताळा मिळवायचा. उत्तर ज्या आकड्याला भागलं त्याच्या ताळ्याइतकं यायला हवं. आमच्या आकड्याचा ताळा दोन. कुठे हातचा विसरला असेल तर दोन येत नाहीत आणि चूक पकडली जाते. "बहुतेक वेळा," असं ताई म्हणाली होती. तिने ते तेव्हाच सांगितलं होतं, हे मला इथे नोंदवलं पाहिजे.

आता घाई कसली होती ते सांगते. बाबा टूलरूममध्ये माप तपासायचे, मायक्रोमीटर लावून. त्यांना काचबिंदू झाला होता. वर्षभर त्यांनी तो लपवला, शेजारच्या माणसाला हळूच विचारायचे, "काय दिसतंय रे, बारा का सतरा?" मग साहेबाच्या लक्षात आलं. साहेब माणूस बरा होता. तो म्हणाला, तब्येतीच्या कारणाने राजीनामा दे, तुझ्या एका मुलाला कंपनीत घेतो, पण महिनाअखेरपर्यंत सांग. ताई इंटर पहिल्या वर्गात पास झालेली, आणि मुलुंडच्या एका शाळेत दर रविवारी करंदीकर सर निवडक मुलांना गणित शिकवायचे, तिथे जायची. सर एका मोठ्या संस्थेसाठी दरवर्षी एक नाव सुचवायचे. ज्याचं नाव जाईल त्याचं पुढचं सगळं शिक्षण, राहणं, जेवण संस्थेकडे. अट एकच: मुलाने स्वतः काढलेलं, पूर्ण झालेलं काहीतरी दाखवायचं.

बाबा ताईला म्हणाले, "पोरी, सरांनी तुझं नाव घातलं तर मी अजून दोन-तीन वरसं काढतो कसंबी. साहेबाच्या पाया पडीन. पन नाही झालं तर तू लाग. मला मग दुसरा इलाज नाही." ते बुद्धविहारातल्या वाचनालयाची पुस्तकं भिंगाखाली धरून वाचणारे. मुलीला कंपनीच्या पॅकिंग खात्यात घालायचं हे बोलताना त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं आहे. ताई म्हणाली, "होईल, बाबा." ती उगीच काही बोलत नसे, त्यामुळे मलाही वाटलं, होईल.

पण एकटीने ते वेळेत संपणार नव्हतं. म्हणून तिने मला घेतलं. माझ्या वाट्याला चार हजार ते पाच हजार आले. एकशे एकोणीस मूळ संख्या, एकशे एकोणीस भागाकार. बाकी सगळे, नऊशेपेक्षा जास्त, तिचे. मी चौदा वर्षांची होते आणि मला दोन आठवडे दिले होते. कुणी म्हणेल, फार नाही. नव्हतंच. पण त्याच दोन आठवड्यांत शाळांच्या खो-खोच्या मॅचेस होत्या आणि मी संघात होते, पळण्यात पहिली. शाळा सुटल्यावर सगळ्या पोरी मैदानात आणि मी ओट्यावर, पुढ्यात यंत्राचे दात, आणि सात कोटी एकोणचाळीस लाखांत चार हजार एकोणीस किती वेळा जातात ते बघ. पहिले तीसेक मी इमानदारीत केले. मग एकदा एक भागाकार चुकला. मला चुकलेला दिसत होता, पण ताळा मात्र दोन आला. मी तो तसाच ठेवला, बघू काय होतं ते. ताईने ताळ्याच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि कागद पुढे सरकवला.

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि आमच्या घरातला विझला. भागाकार करायची गरजच नव्हती. साधारण जवळचा दिसेल असा एक भागाकार लिहायचा, त्याचा ताळा काढायचा, आणि शेवटी दोन येतील अशी कुठलीही बाकी पुढे मांडायची. एकेकाला अर्धं मिनिट पुरायचं. मी मैदानावर जाऊ लागले. आम्ही उपांत्य फेरीत हरलो, तेही लिहून टाकते. ज्यासाठी केलं तेही मिळालं नाही.

मला वाईट काही करायचं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं असेलही. मला एवढंच वाटलं होतं की इतक्या आकड्यांनी जो मोडला नाही तो माझ्या शंभराने कशाला मोडतोय?

सरांना काम दाखवायचं होतं त्या रविवारी ताईने आईचं मोतिया रंगाचं लुगडं नको म्हणत म्हणत नेसलं आणि मी कागदांची गुंडाळी धरून तिच्याबरोबर निघाले. शाळेत पोचलो तर सरांच्या खोलीत आधीचा मुलगा होता. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ताईने कागद क्रमाने लावायला घेतले. तिला काही तपासायचं नव्हतं, नुसती पानं मागेपुढे करत होती. मग एका पानावर तिचा हात थांबला.

"कुंदे, हा कधी केलास?"

"कुठला?"

"चार हजार पाचशे सतरा."

मी वाकून पाहिलं. माझंच अक्षर. भागाकार १६३६१, बाकी २७२८, ताळा दोन, आणि त्यापुढे ऐटीत मारलेली बरोबरची खूण.

"केला असेल. ताळा जमलाय की."

"ताळा जमलाय." ती अगदी हळू बोलत होती. "पण इथे सात आहेत आणि इथे एक. सात एके सात. त्यात बाकीचे आठ. पंधरा. शेवटी पाच येतंय. आपल्या आकड्याच्या शेवटी तीन आहे, कुंदे."

तिने पुढची ओळ पाहिली. तिच्या पुढची. मग पान उलटलं.

"किती केलेस असे?"

"माहीत नाही."

"दहा? वीस?"

"जास्त."

"कुठले कुठले, ते तरी सांग. मी आत्ता इथे बसून करते."

ते मला सांगता आलं नाही. कुठले खरे आणि कुठले रचलेले, हे मलाच आठवत नव्हतं. सगळ्यांपुढे सारखीच खूण होती. मी रडायला लागले आणि रडत रडत म्हणाले, "ताई, सांगूच नको ना. सरांना काय कळणार आहे? हजार वेळा नाही मोडला, आता काय मोडणार?"

"मोडायला एकच लागतो," ती म्हणाली. आणि मग, "सरांना नाही कळणार गं. पण मला माहीतच नाही, तर आहे म्हणून सांगू कसं?"

तेवढ्यात आधीचा मुलगा बाहेर आला आणि सरांनी हाक मारली. मी दाराशी उभी राहिले. सर चष्मा पुसत होते, खुशीत होते. त्यांनी आकडा आधी ऐकला होता, त्यांना तो आवडला होता. ताईने कागद टेबलावर ठेवले, पण चार हजारांपासूनची पानं वेगळी काढून हातातच धरली.

"सर, सात अंकांपर्यंत खात्री आहे. आठव्याचं काम अपुरं आहे."

"अपुरं म्हणजे? संपलं म्हणाली होतीस ना गेल्या रविवारी?"

"मला वाटलं होतं. नाही संपलं."

"मग मोडतो का नाही मोडत?"

"माहीत नाही, सर."

"अगं, पण मग तुझा निष्कर्ष काय?"

"निष्कर्ष नाही."

सरांनी चष्मा चढवून त्या आकड्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "शालन, मी आज दुपारच्या गाडीने पुण्याला चाललोय. उद्या सकाळी तिथे नावं ठरणार. अर्धवट काम मी कुठल्या तोंडाने पुढे करू? त्या मुलाचं साधंच आहे, पण पूर्ण आहे." मग त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "वर्षभराचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी ये."

ताई म्हणाली, "हो, सर." पुढचं वर्ष नाही, हे तिने सांगितलं नाही. बहिणीने खोटे भागाकार केले, हेही सांगितलं नाही. सरांची यात काही चूक नव्हती. चूक दारात उभी होती, रिबिनी बांधून.

घरी बाबा ओट्यावरच बसले होते. त्यांना आम्ही जवळ आल्याशिवाय दिसायचो नाही, म्हणून ते पावलांच्या आवाजाकडे तोंड करून विचारू लागले, "काय झालं गं? काय म्हणले सर?"

"नाही झालं, बाबा. माझं काम अपुरं राहिलं."

माझं, असं ती म्हणाली. मी तिच्या मागे उभी होते. मी बोलायला हवं होतं. आजही मी त्या ओट्यावर जाऊन उभी राहते आणि बोलते. तेव्हा बोलले नाही. बाबा दुसऱ्या दिवशी साहेबाला भेटले आणि एक तारखेपासून रेडा ओरडला की चढणीवर ताई दिसू लागली. पॅकिंगला उभं राहून तिचे पाय सुजायचे. आई मिठाच्या पाण्याची परात पुढे ठेवायची. बाबा समोर बसून तिला दिवसभरातलं सगळं विचारायचे, अमुक खात्यात कोण आहे, तमुक मशीन अजून चालतं का, आणि ती सगळं नीट सांगायची. कागदांची गुंडाळी मात्र मला घरात कुठे दिसेना. आईने ती स्टोव्ह पेटवायला घेतली असं मी समजून चालले.

नाताळच्या सुमाराला एके संध्याकाळी ताई कामावरून आली, पाय धुतले आणि मला ओट्यावर बोलावलं.

"कुंदे, तो आकडा मोडला."

"कुठला? आपला?"

"हो. चार हजार दोनशे एकतीसने भाग गेला. पूर्ण. बाकी शून्य." ती पदराला हात पुसत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "म्हणजे तू सगळे खरे केले असतेस तरी सरांना दाखवण्यासारखं काही नव्हतंच. कळलं? तेव्हा आता ते डोक्यातून काढ."

मी काढलं. इतक्या सहज काढलं की लिहिताना लाज वाटते. मला सुटल्यासारखं झालं, हलकं झालं. ताईचं नशीब त्या आकड्यातच नव्हतं, माझ्यामुळे गेलं नाही; हे वाक्य मी उशाशी घेऊन मोठी झाले. तिच्या पगारावर मी मॅट्रिक झाले, बी.ए., बी.एड. झाले, शाळेत लागले. भूगोल शिकवला. तेहतीस वर्षं नद्या आणि पर्वत. गणिताच्या बाई रजेवर असल्या तरी तो तास मी कधी घेतला नाही. ताई तोपर्यंत पॅकिंगमधून तपासणीत गेली, तिचं लग्न झालं, मुलगा झाला, नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत तीच. आणि या सगळ्या काळात मला एकच भागाकार करायचा होता. चार हजार दोनशे एकतीस. कागदाचा चिटोरा आणि पाच मिनिटं. पंचावन्न वर्षांत मी तो केला नाही. विसरले म्हणून नव्हे. मनाच्या तळाशी काहीतरी होतं ज्याला तो करायचा नव्हता.

गेल्या महिन्यात नात मूळ संख्यांचा गृहपाठ करत होती. तिच्या मोबाइलमध्ये आकडा घातला की मूळ आहे की नाही ते क्षणात येतं. ती म्हणाली, "आजी, एखादा मोठ्ठा आकडा सांग ना." मी विचार केला नाही. तो आपोआप तोंडातून आला, आठच्या आठ अंक.

"प्राइम आहे," ती म्हणाली.

"नीट बघ. मोडतो तो."

"नाही गं, प्राइमच आहे. आणि थांब, हा तर फेमस आहे, आजी! उजवीकडून एकेक डिजिट काढत गेलं तरी प्राइमच राहतो. आणि असा यापेक्षा मोठा आकडा नाहीचे. हा शेवटचा. तुला कसा माहीत?"

मी तिला पाणी आणायला पाठवलं. तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी भागाकार मांडला. पाढे अजून येत होते. भागाकार सतरा हजार चारशे पंच्याहत्तर. बाकी दोन हजार चारशे आठ. मी ताळा करून पाहिला. मग शेवटचा अंकही पाहिला. बरोबर होतं.

ताई आता मुलुंडला मुलाकडे असते. गुडघे गेलेत, पण नजर चांगली आहे. मी गेले तेव्हा ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. सून घरात होती म्हणून मी दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, तो आकडा मोडत नाही."

कुठला, असं तिने विचारलं नाही.

"हो," ती म्हणाली. "बस ना."

"तुला माहीत होतं?"

"कंपनीत लागले तेव्हाच केले सगळे. जेवणाच्या सुट्टीत, रोज दोन, फार तर तीन. एकशे एकोणीसच तर होते." तिने एक काडी खुडली. "शेवटचा झाला ना, तेव्हा डबा तसाच राहिला माझा. कुणाला सांगू असं झालं होतं. मग पॅकिंगच्या बायकांनाच सांगितलं, आठ अंकांचा आहे आणि मोडत नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई." ती हसली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.

मी तिला नातीने वाचून दाखवलेलं सांगितलं, की जगात असा याहून मोठा आकडा नाही. ती निवडायची थांबली.

"पुढे एक किंवा सात लावला तर तीनने जातो, ते मला तेव्हाच दिसलं होतं," ती म्हणाली. "तीन आणि नऊ लावून बघायचं राहिलं माझं."

"दोन्हींनी मोडतो."

"मग तिथेच संपतो," ती म्हणाली. "छान." आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

मी तिच्या समोर लादीवर बसले, साठी उलटलेली बाई, आणि तिचे पाय धरले. "ताई, तू सरांशी खोटं बोलली नाहीस. अख्खं आयुष्य गेलं तरी बोलली नाहीस. मग माझ्याशी का बोललीस? मोडला असं का सांगितलंस मला?"

"अगं, उठ. सून येईल."

"सांग आधी."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मेथीचा वास होता.

"तू जेवत नव्हतीस गं," ती म्हणाली. "मी कंपनीत लागले तेव्हापासून. तीन महिने. ताट पुढे आलं की सरकवायचीस. खो-खो सुटलं, शाळेत चक्कर येऊन पडलीस एकदा. आईने विहारात जाऊन भंतेजींना विचारलं, दवाखाने केले. तुला काहीच आठवत नाही?"

मला आठवत नाही. त्या घरातली सगळी चव मला आठवते आणि हे आठवत नाही. मी मान हलवली.

"आणि तू सांगितल्यावर?"

"त्याच संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्यास," ताई म्हणाली.